कड्यांच्या रेघा

पावसाळा सरून हवा निवळली की ठाकुर्लीतल्या एखाद्या उंच गच्चीवरून आग्नेयेला मलंगगड दिसतो. नीट पाहिले तर त्याच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात: उभा कडा, खाली झाडीचा उतार, पुन्हा कडा. माथेरान असो वा बोरघाट, नमुना हाच.

याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराचा गाभा घट्ट असतो, त्याचा कडा टिकतो. वरचा भाग वायूच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र असतो. तो लवकर झिजून उतार बनतो. अशा पायऱ्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना.

पण हा उलगडा होण्यापूर्वी डोंगरांचे हे रूप कागदावर कोण उतरवत होते? चित्रकार! विल्यम वेस्टॉल हा त्यांपैकी एक. १८०१ मध्ये तो मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेवर गेला. किनाऱ्याची रेखाचित्रे काढणे हे त्याचे एक काम होते. खलाशी डोंगरांच्या आकारावरून किनारा ओळखत, म्हणून तिथे कल्पनाविलासाला जागा नव्हती. पुढे १८०४ च्या सुमारास तो मुंबईला आला आणि त्याने बोरघाट, कार्ले येथे रेखाटने केली. ग्रिंडले यांच्या पश्चिम भारतावरील चित्रसंग्रहात (१८२६-३०) त्याची काही चित्रे छापली गेली.

अशी चित्रे पुरावा म्हणून वापरताना मात्र जपावे लागते. रेखाटनावरून छपाईचा पत्रा कोरणाऱ्या कारागिराने तो डोंगर बहुधा पाहिलेला नसे. शिवाय त्या काळी रम्य देखाव्याची आवड होती. शिखर थोडे उंचावायचे, पुढे एखादे झाड उभे करायचे. म्हणून उंचीवर विसंबू नये. कडा आणि उतार यांचा क्रम तपासावा व तो प्रत्यक्ष डोंगराशी ताडून पाहावा.

१८३० च्या दशकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या भूरचनेवर लिहिताना या आडव्या थरांचे वर्णन केले. चित्रकाराची रेघ आता पुरावा झाली. दरीच्या दोन्ही बाजूंना तोच थर त्याच पातळीवर सापडला, तर तो पूर्वी सलग होता आणि दरी नंतर कोरली गेली, असा निष्कर्ष काढता येतो.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. सर्व विद्यार्थ्यांना एकाच जागेवरून एकच डोंगर काढू द्या. कडे मोजायला सांगा. चित्राखाली जागा, दिशा आणि तारीख लिहायला लावा. मग चित्रे शेजारी ठेवा. जे सर्वांच्या चित्रांत आहे ते बहुधा डोंगराचे. जे एकाच्याच चित्रात आहे ते पुन्हा जाऊन पाहावे. इमारती डोंगर झाकत आहेत, खाणी ते पोखरत आहेत. अशा वेळी तारीख घातलेले साधे शालेय चित्रही उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.