लांछन, छाप आणि देवाचे चित्र

'लांछन' हा शब्द आज आपण डाग किंवा बट्टा या अर्थानेच योजतो. मूळ संस्कृतात मात्र त्याचा साधा अर्थ 'खूण' असा आहे. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह, देवगिरीच्या यादवांचे गरुड, गोव्याच्या कदंबांचे सिंह. जैन मंदिरांत तर या खुणेचे महत्त्व विशेष जाणवते. ध्यानस्थ तीर्थंकरांच्या मूर्ती बहुधा एकसारख्या दिसतात. पीठावर वृषभ कोरलेला असला तर तो ऋषभनाथ, सिंह असला तर महावीर. सारख्या दिसणाऱ्या अनेकांतून एकाला वेगळे ओळखता यावे, हेच लांछनाचे कार्य होय. आजचा लहान दुकानदार ज्याला 'लोगो' म्हणतो, त्याचेही कार्य याहून निराळे नाही.

बाजारात हे तत्त्व कसे रुजले हे पाहावयाचे, तर एकोणिसाव्या शतकातील कापडाच्या पेठेकडे वळले पाहिजे. मँचेस्टर व ग्लासगोहून येणाऱ्या कापडाच्या घडीवर आणि सुताच्या गठ्ठ्यावर रंगीत चित्राचे तिकीट चिकटविलेले असे. गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांना अक्षरओळखच नव्हती, मग इंग्रजी कोठून येणार? ते चित्राच्या नावानेच माल मागत. चित्र बदलले की मालही बदलला, असा संशय येई. अर्थातच छापेला किंमत आली आणि तिची नक्कल करणारेही निघाले. इंग्लंडात 1875 साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याखाली नोंदलेले पहिले चिन्ह म्हणजे बास नावाच्या मद्यकंपनीचा नुसता लाल त्रिकोण. हिंदुस्थानात 1889 च्या कायद्याने खोटी छाप मारणे हा गुन्हा ठरला. नोंदणीची सोय मात्र 1940 च्या कायद्याने झाली.

येथल्या गिऱ्हाइकाची नजर देवाच्या चित्रावर हटकून ठरते, हे विलायती व्यापाऱ्यांनी लवकरच ओळखले. लक्ष्मी, कृष्ण, गणपती कापडाच्या घडीवर येऊन बसले. इकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रे रंगविणाऱ्या राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. त्याच्या चित्रांच्या प्रतींनी घरोघरची देवघरे सजली. हा छापखाना पुढे मळवलीस हलला आणि श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. देवादिकांच्या चित्रांबरोबरच मालाची लेबले आणि जाहिरातीची कॅलेंडरेही तेथे छापली जाऊ लागली. अशा रीतीने पूजेचे चित्र व विक्रीचे चित्र एकाच छापखान्यातून निघू लागले.

त्या काळी असे चित्र हाती आले तर ते जपून ठेवण्याची, चौकट करून भिंतीवर लावण्याची रीत होती. आज उदबत्तीचा पुडा संपला की त्यावरील देवता केरात जाते. देवळाच्या वाटेवर उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दिसणारे हे दृश्य वाचकांस नवे नाही. आम्हांस ते क्लेशकारक वाटते; पण आमचा आक्षेप एवढाच नाही. एकाच पेठेत दहा दुकानांच्या पाट्यांवर गणपती असला, तर गिऱ्हाइकाने ओळखावे कोणाला? देव सर्वांचा आहे, आणि म्हणूनच तो एकाची खूण होऊ शकत नाही. ही दहा दुकाने म्हणजे लांछनावाचूनचे तीर्थंकरच!

आपल्याकडेच याहून कल्पक बुद्धी चालविणारे उद्योजक होऊन गेले. 1916 साली स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याच्या कंदिलाचे नाव 'प्रभाकर'. प्रभाकर म्हणजे सूर्य. सूर्य मावळल्यावर लागणाऱ्या वस्तूला याहून समर्पक नाव कोणते? कंदील आणि ओगलेवाडी ही दोन्ही नावे या एका शब्दाशी कायमची जोडली गेली. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा आरंभिला, तेव्हा त्यांची छाप घोड्याची होती. पुढे उंट आला. उंटाचा शाईशी संबंध काय, असे कोणी विचारील. एकदा पाणी पिऊन दूरवर चालणारा उंट पाहून आम्हांस तर शाई भरलेले फाउंटनपेनच आठवते! पण संबंध नसणे हाही गुणच आहे. ज्या वस्तूशी शाईचे नाते कोणी जोडले नव्हते, ती ज्याने जोडली त्याचीच झाली. 2011 साली या कंपनीचे बहुतांश भांडवल जपानी कोकुयोकडे गेले, तरी उंट आपल्या जागी राहिला.

कायद्याचा विचारही याच दिशेचा आहे. 1999 च्या कायद्यात देवाच्या चित्राला सरसकट बंदी नाही. परंतु कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदता येत नाही. उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव केवळ आपले असावे, असा एका व्यापाऱ्याचा आग्रह होता. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. धर्मग्रंथाच्या नावावर मालाच्या विक्रीसाठी कोणालाही एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तेव्हा नवे दुकान मांडणाऱ्या तरुणाने आधी आपल्या धंद्याकडेच निरखून पाहावे. आपले गाव, आपले हत्यार, आपल्या मालाचा एखादा गुण यांतून जे चित्र सुचेल, ते काळ्या शाईत आणि अंगठ्याच्या नखाएवढे काढून पाहावे. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईला आणि लहान मुलाला ते नावाने सांगता आले, तर खूण साधली असे समजावे. देवाचे चित्र दुकानातील कोनाड्यात असू द्यावे. तेथे रोज दिवा लावता येतो. पुड्यावर मात्र आपलेच लांछन असावे, आणि त्याला बट्टा लागू न देणे हे आपल्या मालाचे काम!