विलंबित-सूचना झडती वॉरंट
अमेरिकी संघराज्याच्या कायद्यातील झडतीचा एक प्रकार. एरवी झडती घेताच वॉरंटची प्रत व जप्त वस्तूंची पावती द्यावी लागते. येथे तपास अधिकारी जागेची गुपचूप पाहणी करतात आणि संबंधिताला ते मागाहून कळवले जाते. २००१ च्या पॅट्रियट कायद्याच्या कलम २१३ ने त्यास वैधानिक आधार दिला. २००६ च्या दुरुस्तीने विलंबावर साधारणतः ३० दिवसांची मर्यादा घातली. मुदतवाढीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. न्यायाधीशाने गुन्ह्याचा प्रकार, विलंबाचा काळ व मुदतवाढी न्यायालयांच्या प्रशासकीय कार्यालयास कळवायच्या असतात. ते कार्यालय दरवर्षी काँग्रेसला अहवाल देते. दहशतवादविरोधी कायद्यातील हा अधिकार मुख्यतः अमली पदार्थांच्या तपासात वापरला जातो, हे या अहवालांतूनच स्पष्ट झाले. गुप्त अधिकारावर अंकुश ठेवण्यासाठी अशी नोंद अत्यावश्यक ठरते.