तीन खाटांपासून किडनीच्या शाळेपर्यंत

जानेवारी १९६२. सिएटलच्या स्वीडिश हॉस्पिटलच्या एक्लिंड हॉलमध्ये, तळघरात, तीन खाटा मांडून डायलिसिस केंद्र सुरू झाले. आजच्या ‘नॉर्थवेस्ट किडनी सेंटर्स’ची ही सुरुवात.

त्याआधी दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही वेळांतच जागा संपत. डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी मार्च १९६० मध्ये क्लाइड शील्ड्स या बोइंगमधल्या कामगाराच्या हातात टेफ्लॉनच्या दोन बारीक नळ्या बसवल्या, एक धमनीत, दुसरी शिरेत. डायलिसिस नसताना ती टोके बाहेरून जोडून ठेवायची. शील्ड्स पुढे अकरा वर्षे जगले.

उपचार सापडला, पण खाटा तीनच! कोणाला घ्यायचे हे ठरवायला सात नागरिकांची समिती नेमली गेली. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शॅना अलेक्झांडर यांनी त्यावर लिहिले आणि अमेरिका हादरली. मला या इतिहासात त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९६४ साल. त्या वर्षी सिएटलमध्ये घरी डायलिसिस सुरू झाले. यंत्र लावणे, रक्तदाब पाहणे, मीठ-पाणी मोजणे हे रुग्ण आणि घरचे शिकले. टंचाईनेच रुग्णाला शिकवणे भाग पाडले.

१९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विमा योजनेकडे गेला. शिकवण्याची गरज मात्र संपली नाही. आज नॉर्थवेस्ट किडनी सेंटर्स किडनीच्या रुग्णांसाठी मोफत सामूहिक वर्ग घेते; घरच्यांनाही बोलावते. किडनीचे काम, आहार, आणि पुढचे पर्याय: केंद्रातले डायलिसिस, घरचे, पोटातले, प्रत्यारोपण. हे आधीच कळायला हवे, कारण हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, वापरण्याजोगा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. ऐनवेळी धावपळ झाली की मानेत नळी घालावी लागते. २०१० पासून मेडिकेअर किडनीविकाराच्या चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांना अशा सहा तासिकांचे पैसे देते, एकट्याने किंवा गटात.

गटाचा फायदा मोठा आहे. एकाने विचारले की दहा जणांची शंका फिटते, आणि स्वयंपाक करणारी व्यक्तीही तेच ऐकते. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ‘मीठ कमी करा’ म्हटल्यावर घरात हौसेने कमी सोडियमचे मीठ येते. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. किडनी अधू असलेल्याच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. नारळपाण्याचेही तेच. हे दवाखान्यातल्या पाच मिनिटांत सांगून होत नाही.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून आपल्या जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. आता वर्ग हवेत. किडनीतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि सेवाभावी मंडळांना विनंती आहे: महिन्यातली एक दुपार काढा, रुग्णांना घरच्यांसह बोलवा आणि मराठीत शिकवा. रुग्णांनी आपले रिपोर्ट घेऊन यावे, आणि मनातले सगळे विचारावे.