संयुक्त मानापमान आणि त्यातील नट

सन १९२१ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मुंबईच्या बालीवाला थिएटरात जो नाट्यप्रयोग झाला, तो मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘संयुक्त मानापमान’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळक दिवंगत होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प राष्ट्रसभेने सोडला होता, आणि त्या फंडास हातभार लागावा म्हणून गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श मंडळी या दोन प्रतिस्पर्धी संस्था एका रंगभूमीवर उभ्या राहिल्या. भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर झाले केशवराव भोसले. एकाने नुकतीच तेहतीस वर्षे पुरी केली होती. दुसऱ्यास एकतीस पुरी होण्यास महिना उरला होता.

नाटक अर्थात नवे नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी प्रथम रंगभूमीवर आणले. खाडिलकर हे ‘केसरी’तील टिळकांचे सहकारी. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने बंदी घातली होती, आणि त्यानंतर हा गद्य नाटकांचा कर्ता संगीत नाटकाकडे वळला. कथा साधीच आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते, धनवान पण भित्र्या लक्ष्मीधराचा खरा रंग तिला दिसू लागतो, आणि वनमालेच्या वेषात वावरताना ज्याला हिणविले त्याच्याच ठायी तिचे मन जडते. पराक्रम मोठा की पैसा, हा या नाटकाचा प्रश्न. दहा वर्षांनी एका गरीब सेनापतीचा गौरव ऐकण्यासाठी मुंबईतील धनिकांनी चढ्या दराची तिकिटे घ्यावी, यातली गंमत खाडिलकरांसारख्या मार्मिक माणसाच्या नजरेतून सुटली नसेल.

पहिल्या प्रयोगाची आठवण मात्र गंमतीची नाही. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी कन्या वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील कोणालाही वाटणे स्वाभाविक होते, पण ठरलेला खेळ बंद ठेवण्यास ते राजी झाले नाहीत, आणि रात्री भामिनी होऊन ते प्रेक्षकांसमोर गेले. या प्रसंगाची पुढे इतकी स्तुती झाली की तो जणू एखाद्या पुराणातला वाटू लागला. खरे पाहता, पोटाची खळगी नाटकावर भरणाऱ्या साऱ्या मंडळीचा भार त्या बावीस वर्षांच्या तरुणावर होता, हेही त्या निश्चयामागे असले पाहिजे.

त्या पहिल्या संचात धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर आणि लक्ष्मीधर होते गणपतराव बोडस. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे हे हार्मोनियमचे निष्णात वादक. बैठकीत रमलेले आणि उत्तरेकडील ठुमरी-कजरीचे रंग ओळखणारे. किर्लोस्करांच्या काळापासून चालत आलेल्या साकी-दिंडीच्या वळणाहून ‘मानापमाना’चे संगीत निराळे उमटले ते यामुळे. नाटकाची पदे घरोघर गेली. पण जोगळेकरांना हे यश फार दिवस पाहता आले नाही. त्याच वर्षी ते निवर्तले. मंडळीचा आधारस्तंभ गेल्यावर आत जे मतभेद वाढले, त्यांची परिणती १९१३ साली झाली. बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी जन्मास आली. आता धैर्यधराचा अंगरखा ज्यांनी चाली बांधल्या त्या टेंब्यांनीच चढविला. स्वतःची चाल स्वतःच्या तोंडून ऐकविण्याचा योग फार थोड्या संगीतकारांच्या वाट्याला येतो. मात्र टेंबे मंडळीत फार वर्षे राहिले नाहीत. पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले आणि त्या चित्रपटाचे संगीतही त्यांनीच दिले. बोडसांची कीर्ती निराळ्या वाटेने वाढली. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा बालगंधर्वांच्या सिंधूसमोर सुधाकर म्हणून ते उभे राहिले. आणि ज्याने लक्ष्मीधराच्या भित्रेपणाने लोकांना हसविले, त्यानेच दारूत बुडालेल्या सुधाकराने त्यांना रडविले.

हे सर्व झाले गंधर्वांच्या घरचे. केशवराव भोसले हे त्या घरचे नव्हते, आणि संयुक्त प्रयोगाचे मर्म तेथेच आहे. कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेला हा मुलगा परिस्थितीने इतक्या लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेला की शाळेची पायरी त्याच्या वाट्यास जवळजवळ आलीच नाही. देवलांच्या ‘शारदे’तील नायिकेच्या भूमिकेने त्याचे नाव झाले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसता, त्याने हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. पैसा नाही, पाठीशी वडीलधारे कोणी नाही, आणि गाव कानडी मुलुखातले! रामकृष्णबुवा वझ्यांच्या तालमीने त्याच्या गळ्यास धार आली. वीर वामनराव जोशांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तील मृणालिनी, आणि पुढे मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ व ‘संन्याशाचा संसार’ ही नवी नाटके, अशा क्रमाने ललितकला वर चढत गेली. भव्य पडदे, देखाव्यांची सजावट आणि सामाजिक प्रश्नांना हात घालण्याची उमेद ही या मंडळीची ओळख झाली. शाहू महाराजांचा आश्रय दोन्ही नटांना लाभला होता, एवढाच काय तो दोहोंतला दुवा.

गाण्याच्या पद्धती तर दोन टोकांच्या. बालगंधर्वांचा आवाज मृदू. लयीशी लडिवाळ खेळत, शब्दांना कुरवाळीत ते पद फुलवीत. केशवरावांचा आवाज उंच, टोकदार आणि थिएटरच्या अखेरच्या बाकावर जाऊन आदळणारा. कोणाचे गाणे सरस, यावर पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत तावातावाने वाद चालत, आणि दोन्हीकडचे भक्त परस्परांस अरसिक ठरवून मोकळे होत. असल्या वादांत खऱ्या रसिकतेपेक्षा पक्षाभिमानच अधिक असतो, आणि तो आजही गेलेला नाही.

अशा स्थितीत केशवरावांनी पत्करलेले धाडस ध्यानात घ्यावे. नाटक दुसऱ्या मंडळीचे. पदे दहा वर्षे प्रेक्षकांच्या कानांत मुरलेली. समोर भामिनीची भूमिका अंगवळणी पडलेला नट. शिवाय केशवराव स्त्रीभूमिकांनी नावारूपास आलेले, आणि येथे दोन नायिकांना एका नाटकात जागा नव्हती. त्यांनी नायकाची बाजू घेतली. मालक म्हणून जो आपल्या मंडळीत सर्वेसर्वा, त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहुण्यासारखे उभे राहावे, हा आपला मान की अपमान, असा प्रश्न एखाद्या कोत्या मनाच्या नटास पडला असता. यजमानालाही धोका होताच. आपल्याच नाटकात, आपल्याच प्रेक्षकांसमोर पाहुणा भाव खाऊन गेला तर? दोघांनीही ती जोखीम घेतली. ज्या टिळकांनी नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या मुलाचे गाणे ऐकून त्यास ‘बालगंधर्व’ म्हटले, त्यांच्या नावाच्या फंडासाठी हे व्हावे, यात औचित्यही मोठे होते. प्रयोग कमालीचा रंगला. त्याच वर्षी दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘सौभद्र’ही केले.

परंतु हा योग पुन्हा येणार नव्हता. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे त्या रात्रीनंतर तीन महिने पुरे होण्यापूर्वीच, केशवरावांचा अंत झाला. त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी ललितकला सांभाळली आणि १९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’ आणून तिला पुन्हा उभारी दिली. बापूराव १९३७ साली गेले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र हे केशवरावांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच महिन्यात जन्मलेले. त्यांनी त्या मंडळीचे पुनरुज्जीवन केले आणि ती पुढे दीर्घकाळ चालविली.

धैर्यधर तर अनेक झाले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९२२ पासून सुमारे दहा वर्षे बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका केल्या आणि मग रंगभूमी सोडून पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराच्या पदांस आपल्या तेजस्वी वळणाच्या नव्या चाली चढविल्या, आणि आज पुष्कळांच्या कानांत धैर्यधर म्हणून घुमतो तो दीनानाथांचा. टेंब्यांच्या मूळ चालींचे अभिमानी यावर कुरकुरतात. त्यांच्या कुरकुरीत तथ्यही आहे, कारण जुन्या चालींतील नाजूकपणा या आवेशात हरपतो. भामिनी मात्र कित्येक वर्षे एकच राहिली. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली, पण बोलपटात ते रमले नाहीत. डोक्यावर कर्जाचा डोंगर आणि शरीर थकत चाललेले, तरी ते नेसूचे लुगडे सावरीत पुन्हा रंगभूमीवर उभे राहिले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, तेव्हा संयुक्त प्रयोगास शेहेचाळीस वर्षे लोटली होती. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ चित्रपटरूपाने आले, त्यात धैर्यधर झालेल्या सुबोध भावे यांनीच २०११ च्या चित्रपटात बालगंधर्वांची भूमिका केली होती.

केशवरावांचे गाणे ऐकलेला माणूस आता मिळणे नाही. त्यांच्या नावाने उरले ते कोल्हापुरातील नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाशेजारी बांधविलेल्या पॅलेस थिएटरास पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यास आग लागली आणि आतील रंगमंच जळून गेला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.