विजेच्या मनोऱ्यांचे फोटो

निवृत्तीनंतर लोक देवळांचे, किल्ल्यांचे, पक्ष्यांचे फोटो काढतात. मी विजेच्या मनोऱ्यांचे काढतो. घरात याची भरपूर थट्टा होते. "आजोबा, थोडे डावीकडे सरका, म्हणजे तो टॉवर येणार नाही," असे नात सांगते. आता तो यावा म्हणूनच मी चिखलात उभा आहे, हे तिला कसे समजावू!

भर दुपारी हे फोटो काढू नयेत, लोखंड आकाशात विरून जाते. पावसाची एखादी सर येऊन गेलेली सकाळ हवी. मागे सह्याद्रीचा काळा कडा आणि पुढे ओला, चकचकणारा मनोरा. मास्तरकीची खोड म्हणा, पण मी आधी तारांना धरणाऱ्या बशा मोजतो. एका माळेत नऊ-दहा असल्या तर साधारण १३२ केव्हीची लाइन, चौदा-पंधरा असल्या तर २२०, तेवीस-चोवीस म्हणजे ४००. सरळ रेषेतला मनोरा हडकुळा, त्याच्या माळा खाली लोंबतात. लाइन वळते तिथला मात्र थोराड, कारण सगळा ताण त्याच्यावर; त्याच्या माळा आडव्या खेचलेल्या. अगदी वरची एकटी तार आभाळातली वीज झेलण्यासाठी.

या मनोऱ्यांचा आपल्याकडचा इतिहास बोरघाटात सुरू होतो. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि कोळसा दुरून आणावा लागे. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण, शिरवता असे तलाव बांधून त्यांचे पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये तिथली वीज सत्तरेक किलोमीटरवरच्या परळला पोचली. तीही एक लाख व्होल्टच्या दाबाने! दाब वाढवला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह कमी लागतो आणि वाटेत तारा तापून होणारी नासाडी घटते. पण असली तार जमिनीपासून लांब ठेवावी लागते, म्हणून हे उंच मनोरे.

इंग्लंडात मनोऱ्यांवरून मोठे वादंग झाले, ते दिसण्यावरून. राष्ट्रीय ग्रीडचा पहिला मनोरा १९२८ साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळ उभा राहिला. रूप जरा बरे असावे म्हणून सर रेजिनाल्ड ब्लूमफिल्ड या नामांकित वास्तुविशारदाचा सल्ला घेतला होता. तरी ससेक्सच्या हिरव्या टेकड्या विद्रूप होणार म्हणून १९२९ मध्ये नामवंत मंडळींनी निषेध केलाच. विरोधकांत किपलिंगही होते. पुढे स्टीफन स्पेंडरने मनोऱ्यांवर कविता लिहिली आणि त्या पिढीच्या कवींना थट्टेने 'पायलन कवी' हे नाव चिकटले.

आपल्याकडे त्याआधीच भांडण झाले होते, पण ते दृश्याचे नव्हते. नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी, मुळशीला, टाटांचे नवे धरण होणार होते. पन्नासच्या आसपास गावांना झळ बसणार होती, आणि जाणार होती ती मावळची भाताची जमीन. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिले आहे, ते जरूर वाचावे. बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि ते नुकसानभरपाईवर राजी झाले, ही कडू गोष्ट त्यांनी दडवलेली नाही. १९२४ अखेर बापटांनी रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. भीमेला मिळणारे पाणी घाट उतरून कुंडलिकेत जाऊ लागले. कोलाडला हौशी मंडळी ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात ते हेच.

१९८१ च्या जनगणनेत माझ्या वाट्याला घाटाखालची एक ठाकरवाडी आली होती. कुलाब्याचा रायगड जिल्हा होऊन जेमतेम महिना झाला होता. वाडीच्या डोक्यावरून तारा गेल्या होत्या आणि घराघरात रॉकेलची चिमणी. एका म्हाताऱ्याने विचारले, "गुरुजी, तार आमच्या डोक्यावरून जाते, मग दिवा का नाय?" मी त्याला सांगितले की हा दाब एवढा मोठा, की मधे केंद्र बांधून तो उतरवल्याशिवाय दिवा लागत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग बांधा की."

याला मी काय उत्तर देणार? मी रकाने भरले.

मुळशीचा तलाव आता सहलीचे ठिकाण आहे. बंगले आहेत, हॉटेले आहेत, आणि पाणी खरोखर सुंदर दिसते. फोटोतून मनोरा वगळला की ते कुणालाही निसर्गनिर्मित वाटावे. मनोरा चौकटीत ठेवला तर निदान हे पाणी कशासाठी अडवले एवढे तरी दिसते. खाली गेलेली शेते कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाहीत.

मी प्रत्येक फोटो छापून घेतो आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो: तारीख, जागा, बशा किती. नातीसाठी आणखी एक ओळ असते, वीज कुठल्या पाण्याची आणि चालली कुठे.