कुर्ट टांक: एका स्थलांतरित विमान-अभियंत्याची कारकीर्द आणि इंजिनाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतील विमान-अभियंते जगभर पांगले. जे अमेरिकेत किंवा सोव्हिएत संघात गेले त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कारण तेथे त्यांच्या ज्ञानाला फळ आले, आणि यशाचा इतिहास लिहिणे नेहमीच सोपे असते. उद्योगधंद्यांच्या उभारणीला नुकताच आरंभ केलेल्या राष्ट्रांची वाट ज्यांनी धरली, त्यांच्या कारकिर्दीचा विचार अधिक अवघड, पण आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. कुर्ट टांक हे अशा अभियंत्यांपैकी प्रमुख होत. जर्मनी, अर्जेंटिना आणि भारत ह्या तीन राष्ट्रांसाठी त्यांनी लढाऊ विमाने रचली. पहिल्या राष्ट्रात त्यांच्या लढाऊ विमानाच्या २०,००० हून अधिक प्रती निघाल्या, दुसऱ्यात ५ आणि तिसऱ्यात १४७. माणूस तोच असताना फळात एवढे अंतर का पडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. एक असे की, टांक हे मुळात पंख्याच्या विमानांच्या युगातले. जेट विमानांच्या युगात त्यांची बुद्धी मागे पडली. दुसरे असे की, नव्या राष्ट्रांतील शासनकर्त्यांनी त्यांना हवे ते साहाय्य दिले नाही. पहिले उत्तर व्यक्तीला दोष देते, दुसरे शासनाला. तथापि तिन्ही कालखंड शेजारी ठेवून पाहिले असता, विमान रचणारा आणि इंजिन घडविणारा ह्यांच्या परस्परसंबंधात खरे कारण सापडते असे दिसून येते.

टांक यांचा जन्म १८९८ साली ब्रोम्बर्ग येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून बिडगोश्च ह्या नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून काम केल्यावर त्यांनी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९३१ साली ते ब्रेमेन येथील फोके-वुल्फ कंपनीत आले. आपण रचलेली विमाने ते स्वतः चालवीत, ही गोष्ट त्यांच्या कार्यपद्धतीत फार महत्त्वाची आहे. फोके-वुल्फ १९० हे त्यांचे लढाऊ विमान १ जून १९३९ रोजी प्रथम उडाले. त्याचे पहिले इंजिन अतोनात तापे. तेव्हा बीएमडब्ल्यू कंपनीनेच सिद्ध केलेले दुसरे, अधिक जड व अधिक शक्तिमान इंजिन घेऊन विमानाची रचना त्याप्रमाणे बदलण्यात आली. पुढे उंचावर ते इंजिन अपुरे पडू लागले, तेव्हा युंकर्स कंपनीचे तिसरे इंजिन बसविण्यात आले. एक इंजिन निकामी ठरले तर दुसरे मागता यावे, आणि ते देणारे कारखाने देशातच असावेत, हे भाग्य टांक यांना जर्मनीत लाभले होते. ते भाग्य कोणत्या व्यवस्थेतून आले होते हेही विसरता येत नाही. युद्धकाळातील जर्मन विमान-उद्योग सक्तीने राबविलेल्या माणसांच्या श्रमावर चालला होता आणि फोके-वुल्फ त्याला अपवाद नव्हती.

१९४७ साली टांक निराळ्या नावाने अर्जेंटिनात पोहोचले. त्यांचे अनेक जुने सहकारीही तेथे आले व कोर्दोबा येथील कारखान्यात काम सुरू झाले. मागे वळलेल्या पंखांचे ‘पुल्की दोन’ हे जेट विमान १९५० साली उडाले. त्याचे इंजिन मात्र ब्रिटनमधील रोल्स-रॉइस कंपनीचे ‘नीन’ होते. १९५१ व १९५२ साली दोन आद्य नमुने अपघातात नष्ट झाले. सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथली आणि त्याबरोबर ह्या योजनेचा आश्रयही गेला. एका राज्यकर्त्याच्या इच्छेवर उभी असलेली योजना त्याच्याबरोबर पडली, हा अर्जेंटिनाचा धडा होय.

१९५६ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून टांक बंगळूरला आले. येथील भूमी अगदी नापीक नव्हती. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली होती. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आलेले विष्णू माधव घाटगे कंपनीच्या रचना-विभागाचे नेतृत्व करीत होते आणि त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ सालीच उडाले होते. म्हणजे जर्मन वायुगतिशास्त्र टांक यांच्याआधी एका भारतीय विद्यार्थ्याबरोबर येथे आले होते. तथापि पंख्याच्या प्रशिक्षण-विमानापासून स्वनातीत लढाऊ विमानापर्यंतची मजल फार मोठी होती. हवाई दलाची मागणी अशी होती की विमानाने ध्वनीच्या दुप्पट वेग गाठावा आणि ६०,००० फुटांची उंची गाठावी.

ही मागणी पुरी करण्यासाठी टांक यांनी दोन इंजिनांची रचना स्वीकारली. ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाची एक प्रगत आवृत्ती त्यांनी गृहीत धरली होती; तिच्यात आफ्टरबर्नर असून तिचा रेटा ८,००० पौंडांच्या वर जाणार होता. परंतु ब्रिटनमध्ये त्या आवृत्तीची गरज उरली नाही. विकासाचा खर्च भारताने सोसावा अशी अपेक्षा पुढे आली आणि भारत सरकारने ती मान्य केली नाही. परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ होता, हे ह्या निर्णयाचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवले पाहिजे. परिणामी, आफ्टरबर्नर नसलेली ४,८५० पौंड रेट्याची ऑर्फियस ७०३ ही इंजिनेच वापरावी लागली.

१९५९ साली पूर्ण आकाराच्या लाकडी ग्लायडरवर रचनेची परीक्षा झाली आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ ‘मरुत’ प्रथम उडविले. समतल उड्डाणात ते ध्वनिवेगाच्या पलीकडे फारसे कधी गेले नाही. मग इंजिनाचा शोध सुरू झाला. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर एक जेट इंजिन रचीत होते. ते मरुतवर बसवून तेथे उड्डाणेही झाली, पण १९६९ साली ती योजना संपली. एका स्थलांतरित अभियंत्याचे विमान दुसऱ्या स्थलांतरित अभियंत्याच्या इंजिनाची वाट पाहत होते, आणि दोघांच्याही मागे धातुविद्येचा व यंत्रनिर्मितीचा परिपक्व उद्योग नव्हता. बंगळूर येथेच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न झाला. त्या आवृत्तीच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांचा अपघाती मृत्यू झाला.

टांक १९६७ साली भारतातून परतले. त्याच वर्षी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मरुत मिळाले. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर जमिनीलगतच्या हल्ल्यांसाठी त्याचा उपयोग झाला आणि एक इंजिन बंद पडूनही ते तळावर परतल्याची उदाहरणे नोंदली गेली. रचनेचा मजबूतपणा निर्विवाद होता. जो गुण टांक यांच्या हाती होता तो विमानात उतरला, जो त्यांच्या हाती नव्हता तो उतरला नाही. म्हणून त्यांची बुद्धी जेटयुगात मागे पडली हे मत टिकत नाही. शासनाने साहाय्य केले नाही, हेही पुरते खरे नाही. शासनाने कारखाना दिला, माणसे दिली, दहा वर्षांहून अधिक काळ योजना चालविली. उणीव होती ती पर्यायाची. ब्रेमेनला एक इंजिन गेले तर दुसरे मिळे. कोर्दोबा आणि बंगळूर येथे ते परक्या राष्ट्राच्या निर्णयावर अवलंबून होते.

अभियंत्याबरोबर त्याचे ज्ञान सीमा ओलांडते. ज्या उद्योगाच्या आधारावर ते ज्ञान उभे असते तो सीमा ओलांडत नाही. १९८३ साली म्युनिकमध्ये टांक यांचे निधन झाले आणि १९९० पर्यंत मरुतही सेवेतून गेले. त्यानंतरचे भारतीय रचनेचे लढाऊ विमान, म्हणजे तेजस, ४ जानेवारी २००१ रोजी उडाले. त्यासाठी देशात कावेरी इंजिनाची योजना आखली गेली होती. परंतु तेजस उडाले ते अमेरिकन इंजिनावर. मरुतच्या पहिल्या उड्डाणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तोच प्रश्न त्याच स्वरूपात उभा राहिला. स्थलांतरित तज्ज्ञांच्या कारकिर्दीचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच, त्यांनी काय आणले ह्याबरोबर, त्यांना येथे काय सापडले नाही ह्याचीही नोंद ठेवली पाहिजे.