प्राउज, जेम्स हार्पर
(१९१३–१९७६). कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील सैनिक, वकील व अपक्ष प्रांतिक आमदार. पुढे लिबरल पक्षाचे प्रांतिक नेते.

दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या मोहिमेत लढले. १९४४ च्या प्रांतिक निवडणुकीनंतर अल्बर्टाने परदेशी असलेल्या आपल्या जवानांसाठी भूदल, नौदल व हवाई दल अशा तीन वेगळ्या जागा ठेवल्या. जानेवारी १९४५ मध्ये, युद्ध चालू असतानाच, मतदान झाले. येथे मतदारसंघाला गाव वा जिल्ह्याची सीमा नव्हती. मतदार गणवेशातला, उमेदवारही गणवेशातला, आणि कोणालाच पक्षाचे नाव नाही. भूदलाची जागा प्राउज यांनी जिंकली. (पहा : अल्बर्टा, महायुद्ध, दुसरे).

अर्नेस्ट मॅनिंग यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने ५७ पैकी ५१ जागा घेतलेल्या त्या सभागृहात अपक्षाचा आवाज मोलाचा होता. १९४७ मध्ये लिबरल पक्षाने त्यांना नेतेपद दिले.

१९४८ मध्ये ते एडमंटनमधून निवडून आले. त्या वर्षी पक्षाला २ जागा मिळाल्या. १९५५ मध्ये १५. ही वाढ त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत ठळक गोष्ट होय.

१९५८ मध्ये त्यांनी नेतेपद सोडले. १९६६ पासून मृत्यूपर्यंत ते कॅनडाच्या सिनेटचे सदस्य होते. (पहा : कॅनडा).